पांढरी मुळी

वेल माझ्या हातात आली.

मी ओढली नव्हती. खालचं पान बघायला नुसतं बोट लावलं, तर गाढ झोपलेल्या लेकराची मूठ सुटावी तशी ती मातीतून सुटली आणि माझ्या तळहातावर पडली. वर शेंडा अजून हिरवा होता. खाली बूड काळं, बुळबुळीत, आणि कुजक्या पाण्याचा वास.

"आनि एक?" पलीकडच्या ओळीतून आप्पांनी विचारलं.

आप्पा माझे सासरे. तीस वर्षं पानमळा केलेला माणूस, त्यांना उत्तर लागलंच नाही. ते आले, माझ्या हातातली वेल घेतली आणि बुडाला अंगठा लावला. उकडलेल्या रताळ्याची निघावी तशी साल निघाली.

"गिरजा, आता बास," ते म्हणाले. "दसऱ्याला मळा मोडायचा. ऊस लावू. उसाला कुनी मांडीवर घेऊन बसायला लागत न्हाई."

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. शेवरीच्या शेंड्याकडे बघून म्हणाले.

"या आठ ओळी मला द्या आप्पा. दसऱ्यापर्यंत."

"काय करनार?"

"अजून ठरलं नाही."

"मेलेल्याच हायत त्या," आप्पा म्हणाले. "घे."

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, श्रावणातली. मिरजेच्या पुढं, कृष्णेच्या काळ्या पट्ट्यात आमची वाडी. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा फौजेत, आसामात. घरात आम्ही तिघंच, आप्पा, आत्याबाई आणि मी. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात.

ज्यानं पानमळा पाहिला नाही त्याला सांगायचं तर ते उभं केलेलं एक हिरवं घर असतं. ओळीनं शेवरीची झाडं, प्रत्येक झाडाला लव्हाळ्याच्या वाळल्या पातीनं बांधलेली एक वेल, आणि भर दुपारी आत तिन्हीसांजेसारखा गारवा. आत जाताना चपला बांधावर काढायच्या, तिथल्या डेऱ्यातलं पाणी पायावर घ्यायचं, मग पाऊल टाकायचं. आप्पा म्हणायचे, "देवघरात जाताना पाय धुतो का न्हाई? मग?"

आणि त्या आठ ओळी माझ्या होत्या, त्याचं कारण असं. माझं माहेर नदीपलीकडं, तेही पानमळ्याचंच. लग्नात माझ्या वडलांनी भांडीकुंडी फार दिली नाहीत. वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरमागं ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं वेलीचं बेणं दिलं, कपुरी पानाचं. आप्पांच्या हातात एक कांडी देऊन म्हणाले, "लेकीबरोबर वेल देतो, पाव्हणं. दोघींना रुजवून घ्या."

आप्पांनी ते बेणं मळ्याच्या खालच्या अंगाला लावलं. पहिल्या वर्षी वेली अशा चढल्या की आत्याबाई खुडलेली पानं चळतीनं लावायला बसल्या म्हणजे गुणगुणायच्या:

पानवेलीबाई, घाल शेवरीला मिठी
परक्या मातीमंदी रुजे माहेराची काठी

दुसऱ्या पावसाळ्यात मर लागली, उभ्या वेली बुडातून कुजायला लागल्या. आणि लागली ती नेमकी त्याच आठ ओळींत; तिथनं ती सगळ्या मळ्यात पसरणार, हे आप्पांनी धरूनच ठेवलं होतं. वाळलेल्या वेली बघायला शेजारच्या मळ्यातली रत्नाक्का बांधावर आली आणि मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात तिच्या जावेला म्हणाली, "बेनं आलं, संगं मर आली. पांढऱ्या पायाची म्हनत्यात ती हीच बघ."

घरात मला कुणी असं म्हणालं नाही. पण ते बोल आत्याबाईंच्याही कानावर गेले असणार, कारण त्या दिवसापासून त्यांची ओवी बंद झाली होती.

* * *

कुजलेलं बूड आणि मूठभर माती मी एका मोठ्या पानात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं मिरज गाठली. तिथं शेतीच्या प्रयोगशाळेत मुल्ला मॅडम बसायच्या. हसीना मुल्ला. चाळिशीच्या, चष्म्याला दोरा बांधलेला, बोलता बोलता समोरच्याच्या हातातली वस्तू काढून घ्यायची सवय. माझं पान त्यांनी उलगडलं, बूड चिरलं, काचेखाली धरलं.

"बुरशी आहे. मातीतली," त्या म्हणाल्या. "खालच्या अंगाला पाणी साचतं का तुमच्या?"

"साचतं."

"मग बरोबर. ती मातीत असतेच. पाणी तुंबलं, मुळं गुदमरली की उठते."

मी विचारलं, "बेण्यातनं आली असेल का?"

"बेण्यातून असती तर पहिल्याच पावसात दिसली असती. का? कोण म्हणतं तसं?"

"कुणी नाही."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मॅडम, तेवढं कागदावर लिहून द्याल? बेण्यातनं आली नाही म्हणून?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कागद दाखवून तुझं कोण ऐकणार आहे? जगलेली वेल दाखव."

मग त्यांनी कपाटातून एक पिशवी काढली. आत पांढरट भुकटी होती, रांगोळीसारखी.

"ही भुकटी दिसते, पण ही जिवंत आहे. जिवाणू आहेत यात, चांगले. मुळाभोवती वस्ती करतात. एकदा त्यांचं घर भरलं की बुरशीला शिरायला जागा उरत नाही, खायला काही उरत नाही. पण आधी त्यांना जगू दिलं पाहिजे, कळलं? थोडा गूळ, पाणी आणि ही भुकटी. रात्रभर सावलीत झाकून ठेव, सकाळी मुळाशी घाल. उन्हात ठेवायचं नाही. फवारणीचा ड्रम वापरायचा नाही. भांडं स्वच्छ हवं, अगदी स्वच्छ. आणि मोरचूद मळ्यात महिनाभर आणायचा नाही. मोरचूदानं बुरशी मरते तसे हेही मरतात. आणि पाण्याला वाट काढून दे."

मोरचूद मला माहीत होता. निळे खडे. चुन्यात कालवून आप्पा दर पावसाळ्यात वेलीला घालायचे. मी मान डोलावली.

एस.टी.त पिशवी मांडीवर घेऊन बसले. खिडकीतून ऊन येत होतं तर पदर तिच्यावर घातला. शेजारची बाई म्हणाली, "काय हाय गं, पिल्लू?" मी म्हणाले, "होय."

आधी चर काढली. मळ्याच्या खालच्या बांधाशी, ओढ्यापर्यंत. चार दिवस कुदळ माझ्या हातात होती. आप्पा दोन दिवस बघत उभे राहिले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उतार चुकतोय," आणि स्वतः दोरी धरून बसले.

मग भांडं. घरातल्या एकेका बादलीला नाक लावून बघितलं, सगळ्यांना औषधाचा वास. आत्याबाई पंचमीला म्हणून त्यांच्या माहेरी गेल्या होत्या. साठी उलटली तरी पंचमी चुकवायच्या नाहीत. माळ्यावर जुन्या लुगड्यात बांधलेलं त्यांचं घंगाळ होतं, तांब्याचं, त्यांच्या आईनं लग्नात दिलेलं. वर्षातून एकदा गौरीला खाली यायचं, एरवी त्याला कुणी हात लावायचा नाही. मी लावला. विचारायला त्या नव्हत्या, आणि असत्या तरी मी विचारलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मला एवढंच वाटत होतं, की जीव ठेवायचेत तर घरातल्या सगळ्यांत पवित्र भांड्यात ठेवावेत.

चिंचेनं तीनदा घासलं. आत माझं तोंड दिसायला लागलं तेव्हा थांबले. पाणी ओतलं, गूळ विरघळवला, भुकटी सोडली, वर ओलं फडकं. आणि हात जोडले.

सकाळी वाटीवाटीनं एकेका वेलीच्या पायाशी घातलं. दुपार झाली. घंगाळ विसळून, पुसून, लुगड्यात बांधून, होतं तसं माळ्यावर ठेवून दिलं.

* * *

वेली मरतच राहिल्या.

रोज सकाळी पाय धुऊन आत जायचं आणि एक तरी मान टाकलेली दिसायची. पोळा गेला, हरतालिका आली. आठांतल्या चार ओळी संपल्या. आप्पा आता मोजायचेही नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "चर चांगली झाली. उसाला उपयोगी पडंल."

रत्नाक्काला विषय मिळाला. ओढ्यावर धुणं आपटत म्हणायची, "मिरजंची रांगोळी घातली म्हनं वेलीच्या पायाशी! हळदीकुंकू बी करायचं की गं, सवाष्न जेवू घालायची!" बायका हसायच्या. मी पिळून पिळून कपडे फाडायची वेळ आणायची, पण मान खाली घातली नाही. उरलेल्या चार ओळींत रोज जात राहिले. एकेक वेल हातानं चाचपायची, लव्हाळ्याची गाठ सैल करायची, पडलेलं पान उचलायचं. दसऱ्याला अजून अवकाश होता.

गौरी यायच्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "घंगाळ काढ गं माळ्यावरचं."

मी काढलं. त्यांनी लुगडं सोडलं. आणि थांबल्या.

घंगाळाच्या काठाखाली, आतल्या बाजूला, बोटभर रुंदीचा एक ओघळ होता. मी घाईत विसळलं होतं, गुळाचं पाणी तिथं चिकटून राहिलं असणार. महिन्याभरात त्याचा रंग बदलला होता.

"ह्यात काय ठिवलंतं?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण गौरीचा दिवस होता. मी सगळं सांगितलं. त्या माहेरी गेल्या होत्या तेव्हापासून ते घासण्यापर्यंत.

मला वाटलं, आता घंगाळाचं निघणार, आईचं निघणार. घरच्या वस्तूंबाबत आत्याबाई किती कडक, हे मला ठाऊक होतं. लग्नानंतर पंधराव्या दिवशी दिवेलागणीला रत्नाक्का विरजण मागायला आली होती. मी नवी, कौतुकानं वाटी भरून दिली. आत्याबाईंनी तिच्या हातातून ती वाटी परत घेतली होती. दिवा लागल्यावर घरचं विरजण बाहेर जात नाही, गेलं तर बरकत त्याच्यासंगं जाते. रत्नाक्का आमच्यावर उखडली ती तेव्हापासून.

पण त्या काही वेगळंच म्हणाल्या.

"गूळपानी? रातभर? तांब्यात?" कपाळाला हात लावला. "अगं तुज्या आईनं तुला काय शिकिवलं? ताक ठिवशील का तू तांब्यात? कल्हई न्हाई ह्याला. कळकतं ते! कळकलेल्या ताकाला कुत्रं बी तोंड लावत न्हाई. आनि तुज्या त्या पिशवीत काय हुतं म्हनालीस, जिवंत?"

"जिवंत."

"म्हंजे विरजनच की. कुनी तांब्यात विरजन लावतं का?"

मी त्या ओघळाकडं बघत होते. तो निळसर हिरवा होता. तो रंग मी पाहिला होता, दर पावसाळ्यात, आप्पांच्या हाताला, आप्पांच्या धोतराला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मोरचूद कशाचा करत्यात?"

"मला काय म्हाईत? निळा असतो." त्यांनी ओघळावर बोट ठेवलं. "ह्येच्यागत."

दोघींच्या एकदमच ध्यानात आलं, मोरचूद तांब्याचाच.

बाहेर अंगणात कुणीतरी गौरीची पावलं काढत होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, मोरचूद मळ्यात आणू नको. मी मळ्यात आणला नव्हता. मी तो घासूनपुसून लख्ख केला होता, आणि त्यात एकेक जीव बुडवून, हात जोडून, मग नेला होता.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि रागापाठोपाठ बरं वाटलं. कारण औषध हरलं नव्हतं. ते वेलीपर्यंत पोचलंच नव्हतं.

"पुन्हा आणते," मी म्हणाले.

"गौर जेवू दे," आत्याबाई म्हणाल्या. "ती गेली की जा. आनि ह्या बारीला विरजन मी लावनार. तू नुसती बघ."

* * *

मुल्ला मॅडमनी ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी मोरचूद नको म्हटलं. तांबं नको, हे वेगळं सांगायला हवं होतं. ही चूक अर्धी माझी." आणि दुसरी पिशवी देताना विचारलं, "ते कळकणं कुणाच्या लक्षात आलं? तुझ्या?"

"सासूच्या."

"त्यांना माझा सलाम सांग."

सांगितला. आत्याबाई म्हणाल्या, "त्यात काय सलाम. ताक समद्यांच्या घरात असतं."

त्यांनी कुंभाराकडून नवं मडकं आणलं. दोन दिवस नुसत्या पाण्यानं भरून ठेवलं. पाण्यात करंगळी बुडवून बघितली, जास्त गार वाटलं म्हणून उन्हात जरा ठेवून पुन्हा बघितली. गूळ किसून घातला. भुकटी चिमटीचिमटीनं सोडली, जशी त्या दुधात विरजण सोडायच्या, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मडकं चुलीपासून लांब, दारापासून लांब, कोपऱ्यातल्या चुंबळीवर ठेवलं. वर ओलं फडकं.

"आता सकाळपतूर कुनी हात लावायचा न्हाई. झाकन उचलून बघायचं बी न्हाई."

आणि खूप दिवसांनी गुणगुणल्या:

विरजल्या दुधाला बाई लावू नये हात
आपुल्या सवडीनं त्याची उजाडते रात

सकाळी फडकं काढून त्यांनी नाक खाली नेलं. मला वाटतं, आतल्या एका कणाचंही नाव त्यांना सांगता आलं नसतं. पण वास घेऊन म्हणाल्या, "बदललाय वास. लागलं."

उरलेल्या चार ओळी. या वेळी दोघी होतो. एक वाटी त्यांची, एक माझी.

* * *

दहा दिवस झाले असतील. पितृपक्ष होता. मी सकाळी मळ्याकडं गेले तर बांधावर आप्पांचा ड्रम. ड्रममध्ये निळं पाणी, शेजारी चुन्याची पाटी, आप्पांच्या हातात ढवळायचं लाकूड.

"आप्पा! हे काय?"

"वरच्या टोकाची एक वेल पिवळी पडलीया."

"पडू दे एक. पण मोरचूद नको. महिना होऊ दे, मॅडमनी..."

"म्याडमला काय करायचं!" आप्पा ओरडले. मी त्यांना ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. "दसऱ्याला मी ह्यो मळा माज्या हातानं तोडनार हाय. ठाव हाय मला. पर तवर तिला अशी टाकून देऊ? मरनाऱ्याच्या तोंडात पानी तरी घालत्यात का न्हाई मानसं? मला दुसरं काय येतंय, सांग. ह्येच येतंय."

मला वाटलं होतं की मळा त्यांनी केव्हाच मनातून काढून टाकलाय. ते रोज शेवरीच्या शेंड्याकडं का बघायचे, ते मला त्या सकाळी समजलं. बुडाकडं बघवत नव्हतं त्यांना.

मी ओळींच्या तोंडाशी उभी राहिले. वाट एकच, दीड हात रुंद.

"बाजूला हो, गिरजा."

"नाही आप्पा."

"बाजूला हो."

"ओता मग. पण माझ्या पायावर ओता. वेलीच्या पायावर नाही."

सून सासऱ्याला असं बोलते का? आमच्या वाडीत तरी तोवर कुणी बोललं नव्हतं. आप्पांनी बादली भरली. उचलली. आणि मागून आत्याबाईंचा आवाज आला. त्या बांधावर पाय धूत होत्या, घाई न करता, एक पाय झाला की दुसरा.

"अवो," त्या म्हणाल्या, "परवा तुमी दह्याचं काय करत हुता?"

"कसलं दही?"

"वाडग्यातलं. अजून लागलं न्हाई म्हनून तुमी सारकं झाकन उघडून बगत हुता. मी काय म्हनलं?"

आप्पा बादलीतल्या निळ्या पाण्याकडं बघायला लागले.

"म्हनलं का न्हाई, तुमच्या बगन्यानं ते फाटंल म्हनून? मग हितं काय करताय? विरजन लावलंय मी. मी लावलंय, हिनं न्हाई. चाळीस वर्सं माज्या हातचं दही खाताय. कदी फाटलं?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. लहान पोरासारखे.

"मग ठेवा ती बादली."

आप्पांनी बादली ठेवली. थोड्या वेळानं ड्रम कलंडवून मळ्यापासून लांब, माळरानाच्या बाजूला नेऊन रिता केला. निळे हात मातीनं घासत बसून राहिले. आत्याबाई माझ्या जवळून गेल्या, तेव्हा हळूच म्हणाल्या, "माज्या पायावर वता म्हनं! नाटकात होतीस का माहेरी?"

ती पिवळी वेल गेली. तिच्या शेजारची मात्र गेली नाही.

* * *

खांडेनवमीला अवजारं पुजली. कुऱ्हाडीला हळदकुंकू लागलं. दसऱ्याच्या सकाळी आप्पांनी आंघोळ केली, कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि निघाले. मी मागून. आत्याबाई माझ्या मागून.

बांधावर चपला काढल्या. पाय धुतले. तोडायला निघालेल्या माणसानंही पाय धुतले, हे मी बघितलं.

आप्पा चार ओळींच्या तोंडाशी थांबले. सकाळचं ऊन शेवरीतून गळत होतं. पंधरा दिवसांत एकही वेल पडली नव्हती, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. पण पडली नाही म्हणजे जगली असं नसतं. पानमळ्यात वरचा शेंडा पंधरा पंधरा दिवस खोटं बोलतो.

"आधी मुळी बघा आप्पा," मी म्हणाले. "मग काय ते करा."

त्यांनी कुऱ्हाड शेवरीला टेकवली. खुरपं मागितलं नाही. गुडघे टेकून बसले आणि एका वेलीच्या बुडाशी बोटांनी माती उकरायला लागले, डोळ्यात गेलेला कण काढावा तशी. एक थर. दुसरा थर. खाली जुनं मूळ दिसलं, काळं, मेलेलं. त्यांचा हात थांबला.

"अजून," आत्याबाई म्हणाल्या.

आप्पांनी आणखी माती सारली. त्या काळ्या खुंटाच्या वरच्या पेरातून, चारी बाजूंनी, शेवयांसारखी बारीक, ओली मुळं फुटली होती. पांढरी. ताज्या लोण्यासारखी पांढरी.

आप्पांनी त्यांना हात लावला नाही. खूप वेळ नुसते वाकून बसले. मग उकरलेली माती दोन्ही ओंजळींनी परत घातली, थोपटली, निजलेल्या लेकरावर पांघरूण घालतात तशी. दुसऱ्या वेलीशी गेले. तिसऱ्या. उकरायचे, बघायचे, झाकायचे. चौथ्या वेलीची एक फांदी सुटून लोंबत होती. ती त्यांनी उचलून शेवरीला लावली, कमरेचा लव्हाळा काढला, गाठ मारली.

माझ्याकडं बघून म्हणाले, "लव्हाळा कमी पडंल औंदा. ओढ्याकडनं जास्त कापून आनाय पायजे."

कुऱ्हाड परत नेली ती आत्याबाईंनी.

* * *

संध्याकाळी माणसं सोनं द्यायला येत-जात होती. ताटात आपट्याच्या पानांचा ढीग. ऊन उतरलं. आत्याबाई देवळीतल्या समईत तेल घालून, हातात काडेपेटी घेऊन उभ्या होत्या, तेवढ्यात दारात रत्नाक्का आली.

तिनं आत्याबाईंना सोनं दिलं, पाया पडली. मला दिलं. मग गेली नाही. उंबऱ्याशी घुटमळत राहिली. पदराखाली काहीतरी धरलं होतं.

"काय गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"आमच्या खालच्या वाफ्यात..." ती म्हणाली आणि थांबली. "आट दिस झालं. रोज एक पडतीया." मग एकदम, "तुमच्यात राहिलं असंल ते थोडं, तर..."

राहिलं होतं. मुल्ला मॅडमकडून मी तिसरी पिशवी आणली होती, पुढच्या हप्त्याची. आदल्या संध्याकाळीच मडक्यात लावलेलं, सकाळच्या गडबडीत घालायचं राहिलेलं, कोपऱ्यात चुंबळीवर होतं. मी आत्याबाईंकडं बघितलं. बाहेर गावात दोनचार घरांत दिवे लागले होते.

आत्याबाई काडेपेटीकडं बघत राहिल्या. मग ती त्यांनी कनवटीला खोचली.

"गिरजा," त्या म्हणाल्या, "दिवा लागायचाय अजून. काढ मडकं."

रत्नाक्काचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडं बघवेना. तिनं पदर बाजूला केला आणि खालून कळशी पुढं केली. तांब्याची. चिंचेनं घासून घासून लख्ख केलेली, आत तोंड दिसेल अशी.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. आणि दोघींना असं हसू फुटलं की रत्नाक्का घाबरली.

"ठेव ती भाईर," आत्याबाई डोळे पुशीत म्हणाल्या. "ह्या घरात एक शानी हाय, पुरं झालं. गिरजा, हिला गाडग्यात दे. आनि आयक गं रत्ना, उन्हात न्यायचं न्हाई, सकाळीच मुळाशी घालायचं, मोरचूद महिनाभर वाफ्यात शिरू द्यायचा न्हाई. आनि पान्याला वाट कर आधी. चर कशी काढायची ते गिरजा दावंल."

रत्नाक्कानं गाडगं दोन्ही हातांनी धरलं. उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला, आणि वळली.

"आनि कळायचं कसं वो? लागलं का न्हाई ते?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण आत्याबाई आधी बोलल्या. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. नुसतं सांगणं होतं, पण एकेक शब्द निवडून ठेवलेला.

"पंधरा-वीस दिसांनी माती बाजूला कर आनि बुडाला बग. वेल पांढऱ्या पायाची झाली असंल, तर समज, घर भरलं."

रत्नाक्का गाडग्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या पायांकडं बघितलं. ते दिवसभरच्या मातीनं काळे होते. ती पायऱ्या उतरून गेली.

ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत आत्याबाई थांबल्या. मग कनवटीची काडेपेटी काढून माझ्या हातात दिली.

"लाव," त्या म्हणाल्या. "आज तू लाव."